सगळे रिपोर्ट नॉर्मल आणि वीस तारखेचा ठणका

माझं दुखणं ओटीपोटात डाव्या बाजूला, खोलवर आहे. कधी जडपणा, कधी ठणका, कधी जांघेत उतरणारी चमक. आधी ते पाळीपुरतं होतं. धाकटीच्या जन्मानंतर ते हळूहळू पाळीच्या बाहेर पसरलं आणि पुढे तर बरे दिवसच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. बसलं की वाढायचं. लघवी साठली की वाढायचं, करून आल्यावर मिनिटभर आणखी वाढायचं. नवऱ्याजवळ गेलं की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत राहायचं. हे शेवटचं मी कुणालाच सांगत नव्हते.

मी मस्जिद बंदरला मसाल्याच्या एका पेढीत हिशेब बघते. राहायला भांडुपला. मस्जिदला फास्ट गाडी थांबत नाही, म्हणून जाता-येता स्लो लोकल. पेढी जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. बायकांसाठी वेगळं संडास नाही. खालच्या मजल्यावर एक सामायिक आहे, त्याची किल्ली वॉचमनकडे, आणि तो हमालांच्या घोळक्यात बसलेला. त्या सगळ्यांसमोर किल्ली मागायची म्हणजे कुठे निघालोय ते जाहीर करायचं. मी सकाळी घरातून निघताना जाऊन यायचे आणि मग शक्यतो संध्याकाळी घरीच. दिवसभर पाणी बेताचं. आमच्या बाजारात काम करणारी जवळजवळ प्रत्येक बाई हेच करते, त्यामुळे यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नाही. हा तपशील मुद्दाम आधी सांगतेय, पुढे त्याचा संबंध येईल.

डॉक्टरांची फेरी आमच्या गल्लीतूनच सुरू झाली. फॅमिली डॉक्टरांनी लघवी न तपासता 'इन्फेक्शन' म्हणून अँटिबायोटिक लिहिलं. थोडं बरं वाटलं, पुन्हा तेच. पुढे एकदा लघवीचं कल्चर झालं, त्यावर 'नो ग्रोथ' असा शेरा आला. म्हणजे जंतू नव्हतेच. तरी गोळ्यांचा पुढचा कोर्स लिहून तयार होता. मधल्या काळात मेफ्टाल स्पास ही पाळीच्या कळांवरची गोळी म्हणजे माझ्या पर्समधलं कायमचं बिऱ्हाड झालं होतं. त्यातल्या मेफेनामिक ॲसिडबद्दल २०२३ च्या अखेरीस इंडियन फार्माकोपिया कमिशनने सावधगिरीची सूचना काढली (क्वचित कुणाला अंगावर पुरळ, ताप आणि आतल्या अवयवांना इजा होते अशी), तेव्हा लोकलच्या डब्यातल्या निम्म्या बायकांनी आपापल्या पर्स उघडून पाहिल्या.

मग सोनोग्राफी. पाणी प्या आणि धरून ठेवा. माझ्यासारखीला नेमकं तेच जमत नाही. 'येथे लिंगनिदान केले जात नाही' या पाटीखाली पाय घट्ट जुळवून, नंबर कधी येतो याची वाट बघत बसले. रिपोर्टमध्ये गर्भाशय नॉर्मल, डाव्या बीजकोशात छोटी साधी सिस्ट, आणि 'पाउच ऑफ डग्लस'मध्ये, म्हणजे पिशवीच्या मागच्या खोलगट जागेत, किंचित द्रव. नवऱ्याने त्या रात्री मोबाइलवर हे शब्द शोधले आणि दोघांची झोप उडाली. दुसऱ्या दिवशी कळलं की पाळी चालू असलेल्या बाईत अशी छोटी सिस्ट येते नि जाते, आणि बीज सुटल्यावर तिथे थोडं पाणी दिसणं हेही नेहमीचंच.

मग पोटाचे डॉक्टर, मग मूत्राशयाचे, मग हाडांचे. पहिल्यांनी आयबीएस म्हटलं, म्हणजे आतडी नाजूक झाल्याचा त्रास. दुसऱ्यांनी दुर्बीण घालून मूत्राशय स्वच्छ असल्याचं सांगितलं. तिसऱ्यांनी कमरेच्या एमआरआयमध्ये थोडी सरकलेली गादी दाखवली, जी काहीही दुखत नसलेल्या पुष्कळ माणसांच्या एमआरआयमध्येही दिसते. प्रत्येकाने आपापला अवयव तपासला आणि निर्दोष सोडला. फाईल जाड होत गेली. 'सगळं नॉर्मल आहे' हे ऐकून आनंद व्हायला हवा, पण दर वेळी तपासणीच्या खोलीतून बाहेर पडताना आपण खोटं बोलताना पकडले गेलोय असं वाटायचं. एका ठिकाणी तर 'घरी काही टेन्शन आहे का?' असं विचारलं, आणि उत्तर द्यायच्या आत पुढच्या पेशंटला हाक मारली.

घरात याचं उत्तर केव्हाच ठरलेलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "दोन मुलं झाली, आता काय ठेवायचंय? पिशवी काढून टाक, कटकट मिटेल." त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्या पिढीत दुखणं एक तर अंगावर काढायचं, नाही तर पिशवी काढायची. माझ्या आत्याने चाळिशीच्या आत काढून घेतली, सोबत बीजकोशही गेले. एका रात्रीत पाळी जाऊन घाम, चिडचिड, हाडं ठिसूळ, सगळं वेळेआधी आलं. ओटीपोटातला ठणका मात्र होता तिथेच राहिला. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्यांच्या बातम्या २०१९ मध्ये गाजल्या तेव्हा लोक हळहळले. पण पांढरपेशा घरांतही हा सल्ला चहाच्या कपासोबत दिला जातो, त्याची बातमी होत नाही.

आमच्या लोकलच्या डब्यात एक मैत्रीण आहे, परळच्या बाजूला एका पालिका रुग्णालयात नर्स. माझं उभ्या उभ्या पाय बदलणं ती रोज बघत होती. म्हणाली, "आमच्याकडे ये. केसपेपर काढ, आठच्या आत ये, आणि ती सगळी फाईल घेऊन ये." गेले. रांग होती, बाकं कमी होती, पंखा होता पण वारा नव्हता. नंबर लागला तेव्हा समोर माझ्याहून वयाने लहान डॉक्टर होती. तिने फाईल बाजूला ठेवली आणि म्हणाली, "ही मी नंतर वाचते. आधी तुम्ही सांगा."

तिने विचारलेले प्रश्न मला अजून आठवतात, कारण त्यांतले बरेचसे त्याआधी कुणी विचारलेच नव्हते. दुखणं पाळीच्या आधी वाढतं की पाळीत? लघवी केल्यावर हलकं वाटतं की जास्त दुखतं? शौचाला जोर लावावा लागतो का, आणि पाळीत तिथेही दुखतं का? संबंधाच्या वेळी दुखतं का, आणि दुखतं तर सुरुवातीला की खोल? किती वेळ बसता? वजन उतरलंय का, लघवीतून किंवा शौचातून रक्त जातं का, ताप येतो का? घरात कुणाला टीबी होता का? हा शेवटचा प्रश्न मुंबईत अगदी रास्त आहे. टीबी गर्भनलिका आणि पिशवीच्या अस्तरातही बसतो. माझ्या दिराला काही वर्षांपूर्वी फुफ्फुसाचा झाला होता, म्हणून पुढे अस्तराचा तुकडा तपासायला गेला. निघालं नाही काही.

संबंधाचा प्रश्न आला तेव्हा तिने सोबत आलेल्या नवऱ्याला कारण न सांगता पाणी आणायला पाठवलं. मी पहिल्यांदा मोकळेपणी उत्तर दिलं. त्यानंतर आणखी एक प्रश्न होता: लहानपणी किंवा नंतर कधी कुणी जबरदस्ती केली होती का. हा प्रश्न ती प्रत्येकीला विचारते असं तिने आधी सांगितलं. त्याचं उत्तर मी इथे लिहीत नाही.

तिने सांगितलं ते थोडक्यात असं. सहा महिन्यांहून अधिक काळ टिकलेलं ओटीपोटातलं दुखणं हे बहुतेक वेळा एकट्या अवयवाचं राहत नाही. सुरुवात कुठूनही होऊ शकते, एंडोमेट्रिओसिस, मूत्राशय, आतडी, एखादं जुनं इन्फेक्शन, सिझेरियनचा व्रण. पण मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय आणि खालचे स्नायू यांच्या बऱ्याचशा नसा मणक्याच्या खालच्या टोकाशी एकाच जागी येऊन मिळतात. एक बराच काळ बोंबलत राहिला की बाकीचेही संवेदनशील होतात, आणि मेंदूपर्यंत जाणारा निरोप मोठा होत जातो. ती म्हणाली, "सोसायटीत एकदा चोरी झाली की वॉचमन दूधवाल्यालाही गेटवर अडवतो ना, तसं झालंय तुमच्या नसांचं. चोर कधीच गेला असेल. पण वॉचमन खोटं बोलत नाहीये." मग एवढंच: "दुखणं खरं आहे. रिपोर्टमध्ये दिसत नाही, कारण रिपोर्ट त्याचा नव्हताच."

तपासणी टेबलावर झाली, पण नेहमीसारखी नाही. आधी पोटावर, दुखऱ्या जागी बोट ठेवून तिने मला मान उचलायला सांगितली. पोटाच्या भिंतीचे स्नायू ताठ केल्यावर दुखणं वाढलं तर ते भिंतीत असण्याची शक्यता जास्त, कमी झालं तर आत. माझं कमी झालं. मग यंत्र न घालता एकच बोट, हळू. 'थांब म्हटलंत की थांबेन,' असं आधीच सांगून. आतल्या बाजूने तिने स्नायू एकेक करून दाबले, डाव्या-उजव्या दोन्हीकडे, आणि प्रत्येक वेळी शून्य ते दहामध्ये आकडा विचारला. उजवीकडे दोन, तीन. डावीकडे एका जागी पोचल्यावर माझ्या तोंडून आकडा निघालाच नाही. चमक थेट मांडीत गेली आणि त्याच क्षणी जोरात लघवीला लागलं. इतकी वर्षं ज्याला मी मूत्राशय समजत होते तो निघाला एक स्नायू. ऑब्च्युरेटर इंटर्नस असं त्याचं नाव तिने केसपेपरवर लिहिलं, आणि त्याच्या शेजारी लेव्हेटर अनाय. पहिला बाजूच्या भिंतीला, दुसरा माकडहाडापासून पुढच्या हाडापर्यंत झोळीसारखा पसरलेला. ही मंडळी माझ्याकडे सैल पडायचंच विसरली होती.

याचा अर्थ दुसरं काही नाही असा नव्हता. पाळीतलं दुखणं आणि शौचाच्या वेळची कळ यावरून एंडोमेट्रिओसिसची शक्यता तिने पहिल्याच दिवशी लिहिली. अस्तरासारखी पेशीजाळी पिशवीच्या बाहेर वाढते ती ही. जगात मूल होण्याच्या वयातल्या दर दहा बायकांत साधारण एकीला ती असते, आणि वरवरची असेल तर सोनोग्राफीत काय, एमआरआयमध्येही दिसत नाही. पूर्वी खात्रीसाठी लॅपरोस्कोपी, म्हणजे पोटाला छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीने आत बघणं, करायचेच. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनंतर आधी औषध देऊन बघण्यालाही तेवढीच मान्यता मिळाली आहे. माझ्यासाठी तेच ठरलं: डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी, रोज दोन मिलिग्रॅम.

घरी यायच्या आधी तिने एक वही करायला सांगितली. हे काम माझ्या हातचं. उभे रकाने आखले: पाळीचा कितवा दिवस, झोप, पाणी, लघवी किती वेळा, शौच, किती तास बसले, दुखणं शून्य ते दहा. रोज रात्री पाच मिनिटं. दोन-तीन महिन्यांनी हिशेब जुळवायला बसले तेव्हा पाळीचे दिवस ठळक होतेच, पण त्याहून ठळक निघाल्या दोन तारखा, दर महिन्याची अकरा आणि वीस. हिशेबनीस असाल तर लगेच कळेल: अकराला जीएसटीआर-१, विसाला ३बी, जीएसटीची महिन्याची विवरणपत्रं भरायच्या शेवटच्या तारखा. त्याच्या आधीचे दोन दिवस मी खुर्चीवरून उठत नाही, पाणी पीत नाही, दात आवळून बसते, आणि ओटीपोटही. पाळी कोणत्याही तारखेला येवो, वीस तारीख चुकत नव्हती. डॉक्टरने ते पान मोबाइलवर काढून घेतलं आणि शिकाऊ मुलांना दाखवलं. जीएसटीमुळे वैद्यकशास्त्राची सेवा घडल्याचं माझ्या माहितीतलं हे एकमेव उदाहरण.

रात्रीसाठी अगदी कमी मात्रेत ॲमिट्रिप्टिलीन दिलं, दहा मिलिग्रॅम. ही गोळी मुळात नैराश्याची. तेवढ्या कमी मात्रेत ती नसांचं दुखणं शांत करायला देतात. पण सासूबाईंनी शेजारच्या केमिस्टला विचारलं, आणि आठवडाभर घरात माझ्याशी आजारी माणसाशी बोलतात तसं हळू आवाजात बोलणं चाललं. तोंडाला कोरड पडायची, सकाळची ६:५२ पकडताना डोळे मिटायचे, आणि बद्धकोष्ठ वाढला. जोर लावणं हे या स्नायूंना सगळ्यात वाईट, त्यामुळे इसबगोल आलं. मी गॅबापेंटिन या नसांच्या दुखण्यावरच्या औषधाबद्दल विचारलं होतं, कारण एका ओळखीच्या बाईला ते चालू होतं. डॉक्टर म्हणाली, ब्रिटनमध्ये ३०६ बायकांवर नीट चाचणी झाली, २०२० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. ज्यांच्या दुर्बिणीच्या तपासणीत काही सापडलं नव्हतं त्यांना साध्या दिखाऊ गोळीपेक्षा त्याचा जास्त उपयोग झाला नाही, चक्कर आणि गुंगी मात्र जास्त. म्हणून ती देत नाही. औषध का देत नाही हे इतकं नीट मला पहिल्यांदाच कुणी सांगितलं.

खरा वेळ गेला तो फिजिओथेरपीत. पेल्विक फ्लोअरचं, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुंबईतही शोधाव्या लागतात. जिच्याकडे मी गेले ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "ताई, कीगल करताय का?" करत होते, खालचे स्नायू आवळायचा तो व्यायाम. यूट्यूबवर सगळ्या बाया तेच सांगतात. "बंद करा. आवळलेल्या मुठीला आणखी आवळायला शिकवताय तुम्ही." कीगल ढिल्या पडलेल्या स्नायूंसाठी. माझ्यासारखीने सोडायला शिकायचं.

आणि सोडणं भलतंच अवघड असतं. आडवं पडून, गुडघे वर घेऊन, श्वास पोटात भरायचा. श्वास आत येताना छातीखालचा पडदा खाली उतरतो आणि त्याच्याबरोबर हे खालचे स्नायूही हलकेच उतरायला हवेत. माझे उतरायचेच नाहीत. पहिले काही आठवडे मला तिथे काही हलतं हेच जाणवत नव्हतं. ती हातमोजा घालून आतून त्या डाव्या गाठीवर बोट ठेवून धरायची, दीडेक मिनिट, दाब न वाढवता. आणि मी श्वास मोजत असताना गाठ हळूहळू नरम पडायची. हे सुखद नसतं. पण तपासणीत दुखतं आणि उपचारात दुखतं यात फरक असतो, कारण थांबवणं आपल्या हातात असतं.

तिने विचारलं, बाहेर लघवीला बसता की अधांतरी? अधांतरीच. कोणती मुंबईकर बाई स्टेशनवरच्या कमोडला टेकते? पण अर्धवट उभं राहून मांड्या ताठ ठेवल्या की खालचे स्नायू पूर्ण सुटत नाहीत, मग जोर लावून लघवी करायची सवय लागते. भारतीय पद्धतीचं असेल तर तिथे नीट बसायचं. कमोडच असेल तर कागद पसरून टेकायचं. आणि तासन् तास धरून ठेवणं बंद. तिच्या मते माझ्या स्नायूंना आवळून राहायची सवय लागण्यात या धरून ठेवण्याचा वाटा होता, सगळा नाही, पण होता. २०११ मध्ये मुंबईत बायकांनी 'राइट टू पी' म्हणून मोहीम काढली, तेव्हा मी पेपरमधलं नाव वाचून हसले होते. सार्वजनिक स्वच्छतागृहात लघवीला पुरुषांना फुकट आणि बायकांकडून पैसे, यावरून ती सुरू झाली होती. आता मला वाटतं की त्या मोर्चात सगळ्या हिशेबनीस बायकांनी जायला हवं होतं.

शेठना मी किल्लीबद्दल सांगितलं. आजाराचं काही बोलले नाही, फक्त 'बायकांसाठी वेगळी किल्ली हवी' एवढंच. त्यांनी त्याच संध्याकाळी दुसरी करवून घेतली. आता ती माझ्या टेबलाच्या खणात असते आणि समोरच्या दलालाकडची मुलगीही घेऊन जाते. वीस तारखेच्या आठवड्यात मोबाइलवर पाऊण तासाचा गजर असतो. वाजला की उठायचं, गोदामापर्यंत जाऊन यायचं. गाडीत उभं राहून श्वास सोडणं जमतं, कुणाला कळत नाही. घाटकोपरला गर्दी शिरते तेव्हा मात्र जमत नाही.

फरक किती? डायनोजेस्टने पाळी जवळजवळ थांबली आणि तेव्हाचं दुखणं बरंच उतरलं, अधूनमधून डाग लागतात आणि मूड जातो तेवढं सोडून. रोजचा ठणका वहीत सहा-सातवरून दोन-तीनवर आलाय. मधेच एखादा आठवडा पुन्हा सातवर जातो, विशेषतः झोप कमी झाली की. पूर्वी असा आठवडा आला की मी नवा डॉक्टर शोधायचे. आता गरम पाण्याचा टब, श्वास, आणि तीन-चार दिवस संबंध नाही एवढं करते. नवऱ्याला हे समजावून सांगणं पहिल्या गोळीपेक्षा कठीण गेलं, पण त्या डॉक्टरने एकदा त्यालाही बोलावून चित्र काढून दाखवलं. तेव्हापासून तो 'अजून दुखतंय?' असं विचारत नाही, 'आज किती?' असं विचारतो.

लॅपरोस्कोपीचं अजून ठरलेलं नाही. डॉक्टरचं म्हणणं, आत एंडोमेट्रिओसिस सापडलं तर तिथल्या तिथे काढता येईल आणि पाळीचं दुखणं आणखी कमी होईल. सापडलं नाही तरी आणि सापडलं तरी स्नायूंचं काम आहे तसंच उरेल. गोळ्यांवर भागत असेल तर घाई नाही. नवऱ्याला ती आत्ताच करून हवीय, त्याला फाईलवर एक पक्कं नाव बघायचंय. मला नाही, निदान मार्चअखेरपर्यंत तरी. वर्षाचे हिशेब बंद करायच्या वेळी पंधरा दिवसांची सुट्टी कोण देणार? यावरून आमचं रोज वाजतं.